प्रवेश खुला, दार मात्र बंद

बारावीचा निकाल लागला की घराघरात एकच धांदल उडते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, फोटो, सही, सगळ्याच्या प्रती मोबाइलवर काढून घ्यायच्या आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवर अर्ज भरायचा. पूर्वी कॉलेजच्या खिडकीपुढे तासन्‌तास रांगेत उभं राहावं लागायचं. आता ती रांग गेली, शिपायाची मनधरणी गेली, 'साहेब जेवायला गेलेत' हे ठरलेलं उत्तरही गेलं. सगळ्यांची सोय झाली.

खरोखरच सगळ्यांची झाली का?

समजा, त्या घरातली मुलगी जन्मापासून अंध आहे. ब्रेल शिकून, लेखनिक घेऊन ती बारावीपर्यंत आली आहे. तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे आणि पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही आहे. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. ती माउसला हात लावत नाही. टॅब आणि बाणांच्या कळा दाबत ती वर्तमानपत्र वाचते, मैत्रिणींना पत्रं लिहिते, रेल्वेची चौकशी करते. साहजिकच, आपला प्रवेश अर्ज आपणच भरायचा असं ती ठरवते.

विद्यापीठाचं पान उघडतं आणि यंत्र बोलू लागतं, 'ग्राफिक, बॅनर फायनल न्यू टू डॉट जेपीजी.' हे चित्र कुलगुरूंचं आहे, इमारतीचं आहे की त्यात प्रवेशाची शेवटची तारीख छापली आहे, हे कळायला मार्ग नाही. पुढे, 'लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा.' एका पानावर अशा वीस लिंक असतात. डोळस माणसाला शेजारचा मजकूर दिसतो म्हणून त्याचं भागतं. नुसत्या लिंका ऐकत जाणाऱ्याला वीसही सारख्याच वाटतात.

कसाबसा अर्ज सापडतो. पहिल्या चौकटीत शिरताच यंत्र म्हणतं, 'एडिट, रिकामं.' दुसऱ्या चौकटीतही तेच, तिसऱ्या चौकटीतही तेच. नाव कुठे लिहायचं, आडनाव कुठे आणि आईचं नाव कुठे, ते चौकटीबाहेर छापलेलं असतं, पण चौकटीशी जोडलेलं नसतं. जन्मतारखेसाठी एक छोटं कॅलेंडर उघडतं आणि ते फक्त माउसनेच चालतं. तेवढ्यात वेळ संपते आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी येतात ती वेडीवाकडी अक्षरं, जी ओळखून 'मी यंत्र नाही' हे सिद्ध करायचं असतं. ही कॅप्चाची युक्ती अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २००० साली निघाली. यंत्राला वाचता येऊ नये म्हणूनच ती अक्षरं वाकवलेली असतात. पण ही मुलगी यंत्राच्याच कानांनी वाचते! त्यामुळे यंत्राबरोबर तीही दाराबाहेर राहते.

मग भाऊ किंवा शेजारचा मुलगा तिला नाक्यावरच्या सायबर कॅफेत नेतो. तिथल्या माणसाला पासवर्ड सांगायचा, आधारचा क्रमांक सांगायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा. तो पाच मिनिटांत अर्ज भरून देतो. इतिहासाऐवजी भूगोल निवडला गेला, अपंगांसाठीच्या राखीव जागेची खूण करायची राहून गेली, तर ते तिला कळणार कसं? कळतं तेव्हा यादी लागलेली असते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाप्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा अशा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवायच्या असतात. एका बाजूने जागा राखायची आणि दुसऱ्या बाजूने तिचा अर्जच भरता येऊ नये, असा हा कारभार आहे.

परदेशात काय झालं?

अमेरिकेत सगळं आलबेल असेल असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे तिथलं मोठं, नावाजलेलं विद्यापीठ. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने, नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडने, या विद्यापीठाविरुद्ध सरळ शिक्षण खात्याकडे तक्रार केली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची संगणकावरची सूची अंधांना वाचता येत नव्हती. अनेक विभागांच्या वेबसाइटची तीच गत होती. ज्या सॉफ्टवेअरमधून अभ्यासाचं साहित्य मिळायचं तेही स्क्रीन रीडरला दाद देत नव्हतं. वर्गात शिकवताना वापरायच्या यंत्राची बटणं पडद्यावर असल्यामुळे अंध प्राध्यापकाला ते यंत्र चालवता येत नव्हतं. एवढंच काय, आवारातल्या बँकेच्या एटीएमचाही तक्रारीत समावेश होता.

या तक्रारीचं महत्त्व असं, की तिने एका पानातली एक चूक दाखवली नाही. अर्जापासून ग्रंथालयापर्यंत आणि वर्गापासून पैसे काढण्यापर्यंत विद्यार्थ्याचा अख्खा दिवस तिने समोर मांडला. वर्षभरात, ऑक्टोबर २०११ मध्ये, समझोता झाला. सगळ्या यंत्रणेची तपासणी करायची, दोष दूर करण्याचा आराखडा आखायचा आणि नवी खरेदी करताना ती वस्तू अपंगांना वापरता येते की नाही हे आधी पाहायचं, असं विद्यापीठाने कबूल केलं. शेवटची अट सर्वांत मोलाची म्हणायला हवी. कारण बहुतेक विद्यापीठं आपलं सॉफ्टवेअर स्वतः बनवत नाहीत, बाहेरून विकत घेतात. निविदेत ही अट घातलेली नसेल तर ठेकेदार ती आपण होऊन कशाला पाळेल? पुढे याच विद्यापीठाने सुलभ वेबसाइट कशी बनवावी याची माहिती देणारं स्वतःचं वेगळं संकेतस्थळ चालवलं.

दुसरी हकिगत कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाची. तिचा शेवट मात्र इतका सरळ झाला नाही. बर्कलेने आपल्या प्राध्यापकांची हजारो व्याख्यानं जगाला फुकट पाहण्यासाठी इंटरनेटवर ठेवली होती. काम कौतुकाचंच. पण त्यातल्या बऱ्याच व्याख्यानांना पडद्यावर उमटणारी अक्षरं नव्हती. काही ठिकाणी ती यंत्राने आपोआप लिहिलेली आणि चुकीने भरलेली होती. बधिर माणसाला प्राध्यापकांचे ओठ हलताना दिसायचे, बाकी काही नाही. कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने तक्रार केली. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने विद्यापीठाला पत्र पाठवलं की हे कायद्याला धरून नाही.

विद्यापीठाने काय करावं? एवढ्या सगळ्या व्याख्यानांना अक्षरं जोडण्याचा खर्च फार आहे, असं म्हणत मार्च २०१७ मध्ये २० हजारांहून अधिक चित्रफिती आणि ध्वनिफिती लोकांसाठी बंदच करून टाकल्या. म्हणजे एकाला जेवता येत नाही म्हणून पंगतच उठवली! त्या वेळी पुष्कळांनी राग काढला तो बधिरांवर. 'तुमच्यामुळे आमचंही गेलं' असं त्यांना ऐकून घ्यावं लागलं. पण त्यांनी पंगत उठवायला सांगितलं नव्हतं, आपल्यालाही पान वाढा एवढंच म्हटलं होतं. पुढे २०२२ मध्ये न्याय खातं आणि विद्यापीठ यांच्यात करार झाला आणि इंटरनेटवरचं बहुतेक साहित्य ठरलेल्या मुदतीत सुलभ करण्याचं विद्यापीठाला मान्य करावं लागलं. हार्वर्ड आणि एमआयटी या बड्या संस्थांवरही याच कारणाने २०१५ साली खटले भरले गेले होते. त्यांनीही अनुक्रमे २०१९ आणि २०२० मध्ये समझोते केले.

बर्कलेच्या गोष्टीत एक व्यवहाराची बाब दडलेली आहे. व्याख्यान रेकॉर्ड करतानाच त्याची अक्षरं तयार केली तर काम आठवड्याला दोन-चार तासांचं असतं. तेच वीस हजार व्याख्यानं साचल्यावर करायला घेतलं तर कोट्यवधींचं होतं. जिना बांधून झाल्यावर उतार बसवायचा तर भिंत फोडावी लागते, तसंच हे.

नेमकं करायचं काय?

हे काम अवघड शास्त्र आहे असा एक समज आहे. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेने १९९९ मध्येच नियमावली प्रसिद्ध केली. २००८ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, २०१८ आणि २०२३ मध्ये तिच्यात भर पडली. जगभरचे कायदे याच नियमावलीचा आधार घेतात. ती भली मोठी आहे हे खरं, पण तिच्यातल्या कित्येक गोष्टी कुठल्याही गृहिणीला चटकन पटतील अशा आहेत. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, तशाच अर्जातल्या प्रत्येक चौकटीला नाव जोडायचं. प्रत्येक चित्रामागे त्यात काय आहे ते एका ओळीत लिहून ठेवायचं. 'येथे क्लिक करा' न म्हणता 'बी.ए. प्रथम वर्षाचा प्रवेश अर्ज' असं म्हणायचं. जे माउसने करता येतं ते नुसत्या कळांनीही करता आलं पाहिजे, कारण हात थरथरणारा किंवा हातच नसलेला माणूस माउस धरू शकत नाही. वेळ संपत आली तर आधी सूचना द्यायची आणि मुदत वाढवून मागायची सोय ठेवायची.

पांढऱ्या कागदावर फिकट राखाडी अक्षरं हल्ली फार शोभिवंत समजली जातात. नियम सांगतो की साध्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा यांत किमान साडेचारास एक एवढा फरक असावा. हा नियम केवळ अपंगांच्या कामाचा नाही. मोतीबिंदू पिकत आलेल्या आजोबांना निवृत्तिवेतनाची माहिती वाचताना आणि भर उन्हात बसथांब्यावर मोबाइल पाहणाऱ्या मुलालाही त्याचा उपयोग होतो. 'लाल रंगाच्या चौकटी भरणं आवश्यक' अशी सूचना असली तर रंगांधळ्याने काय करायचं? तिथे शब्दही हवा.

आणि आपल्याकडची ती लाडकी सरकती पट्टी! जवळजवळ प्रत्येक शिक्षणसंस्थेच्या पानावर सूचना खालून वर धावत असतात आणि त्यांच्या शेजारी 'नवीन' हा शब्द लुकलुकत असतो. वर्षभर जुन्या सूचनेपुढेही तो 'नवीन'च असतो ही गंमत वेगळी. पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारा मजकूर थांबवण्याची सोय हवी, असा नियम आहे. सावकाश वाचणाऱ्याच्या हातातून ती ओळ निसटून जाते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणाऱ्या झगझगाटाने तर अपस्माराच्या रुग्णाला झटका येऊ शकतो.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या विद्यापीठाशी संलग्न असलेली वेबएम ही संस्था दरवर्षी १० लाख वेबसाइटची पहिली पानं तपासते. २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के पानांवर दोष सापडले. दोष कोणते? फिकट अक्षरं, चित्रांना वर्णन नाही, चौकटींना नावं नाहीत, रिकाम्या लिंका, रिकामी बटणं, पानाची भाषा सांगितलेली नाही. हेच सहा प्रकार पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे अडचण आहे ती सवयीची.

मराठीची स्वतःची अडचण

शेवटचा दोष, भाषा न सांगण्याचा, मराठी वाचकाला जास्त जवळचा आहे. स्क्रीन रीडरला पान मराठी आहे हे सांगितलं नाही तर तो इंग्रजी आवाजातच वाचू पाहतो आणि अडखळतो. एकदा सांगितलं की मराठी आवाज सुरू होतो. त्यासाठी पानाच्या सुरुवातीला एक छोटासा शब्द लिहावा लागतो.

त्याहून मोठं दुखणं जुन्या फॉन्टचं आहे. नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी आली ती एका पळवाटेने. आतमध्ये अक्षरं इंग्रजीच राहत आणि त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवलेले असत. छापायचं काम त्याने उत्तम होई. पण मुखवटा फक्त डोळ्यांना दिसतो. स्क्रीन रीडर आतला मजकूर वाचतो आणि 'विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की' या वाक्याच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा भडिमार सुरू होतो. युनिकोड आल्यापासून हा प्रश्न सुटायला हवा होता. विंडोजमध्ये २००० सालापासून देवनागरी युनिकोडची सोय आहे. तरीही कितीतरी कचेऱ्यांत टंकलेखनाची जुनी सवय कायम आहे.

यापेक्षाही वाईट म्हणजे स्कॅन केलेलं परिपत्रक. संगणकावर टाइप करायचं, कागदावर छापायचं, सही-शिक्का घ्यायचा, मग तो कागद तिरका ठेवून त्याचा फोटो वेबसाइटवर चढवायचा. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने तो कोरा कागद असतो. मूळ मजकूर त्याच टेबलावरच्या संगणकात पडून असतो, तो सोबत जोडला असता तर काम झालं असतं. सही हवी असेल तर ती डिजिटल स्वरूपातही करता येते.

काही संस्था दुसरा सोपा मार्ग धरतात. पानाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं एक चित्र चिकटवतात. ते दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात. पण चौकटीला नाव नसेल तर ते चित्र काय करणार? अशा चित्राने वेबसाइट आपोआप नियमांत बसते, असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे कित्येक सरकारी पानांवर 'स्क्रीन रीडर अ‍ॅक्सेस' नावाची लिंक असते आणि तिच्यात असतं काय, तर स्क्रीन रीडर कुठे मिळतील याची यादी. ज्याला ते लागतं तो ते आधीच लावून बसलेला असतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

कायदा काय म्हणतो?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत दृष्टिदोष असलेले सुमारे ५० लाख आणि श्रवणदोष असलेलेही तितकेच. तेव्हा अपंगत्वाचे प्रकार कमी धरले जात. एप्रिल २०१७ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्याने ते २१ केले आहेत. या कायद्याच्या ४२ व्या कलमात इंटरनेटसह सर्व माध्यमांतला मजकूर सुलभ असावा असं म्हटलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

पण 'मार्गदर्शक' या शब्दातच मेख आहे. मार्गदर्शन घेतलं तर घेतलं, नाही तर नाही. नेमका हाच मुद्दा राजीव रतुडी यांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत पुढे निर्णायक ठरला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने निकाल दिला की कायदा सक्तीचा असताना त्याखालच्या नियमाने नुसती शिफारस करून भागणार नाही. तो नियम कायद्याशी विसंगत ठरला आणि सक्तीचे किमान निकष ठरवून द्या असा आदेश सरकारला मिळाला.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, ३० एप्रिल २०२५ रोजी, आणखी एक महत्त्वाचा निकाल लागला. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या स्त्रियांना बँकेत खातं उघडताना कॅमेऱ्यापुढे 'डोळे मिचकावा' असं सांगितलं जात होतं. ज्यांच्या पापण्याच उरल्या नाहीत त्यांनी काय मिचकावायचं? सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरच्या सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि सरकारला २० निर्देश दिले. आता प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, निकाल सगळं पडद्यावर आल्यामुळे विद्यापीठांनाही हा निकाल बाजूला सारता येणार नाही.

२०२० मध्ये करोनाच्या काळात याची चुणूक दिसलीच होती. दिल्ली विद्यापीठाने घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून परीक्षा द्यायची पद्धत आणली. टाळेबंदीत लेखनिक कुठून आणायचा, वाचता येण्याजोगं साहित्य कुठून मिळवायचं, उत्तरपत्रिकेचे फोटो काढून कसे पाठवायचे? अंध विद्यार्थ्यांचे हे प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

घरच्यांनी काय करावं?

घरात असा विद्यार्थी असेल तर पहिली गोष्ट, सॉफ्टवेअर महाग असतं म्हणून अडून बसू नये. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी बनवला. २००६ मध्ये त्याचं काम सुरू झालं. तो संपूर्ण फुकट आहे आणि मराठीही वाचतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं अंधांसाठीचं केंद्र २००३ पासून या क्षेत्रात काम करत आहे. तिथे चौकशी करता येते.

दुसरी गोष्ट, अर्ज अडला तर सायबर कॅफे गाठण्याआधी पाच मिनिटं काढून ते लिहून ठेवावं. कोणतं पान, कोणती चौकट, कोणती तारीख, यंत्र काय बोललं. जमलं तर आवाज रेकॉर्ड करावा. 'वेबसाइट चालत नाही' अशा तक्रारीला 'आमच्याकडे तर चालते' हे उत्तर तयार असतं. 'जन्मतारखेची चौकट कळांनी उघडत नाही' या तक्रारीला ते देता येत नाही.  आधी संस्थेकडेच तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं, महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

विद्यापीठातल्या अधिकाऱ्यांसाठी तर याहून सोपी परीक्षा आहे. प्रवेश सुरू होण्यापूर्वी एक दिवस संगणकाचा माउस काढून कपाटात ठेवावा, पडद्यावर टॉवेल टाकावा, स्क्रीन रीडर सुरू करावा आणि आपल्याच विद्यापीठाचा अर्ज पहिल्या चौकटीपासून पावती हातात येईपर्यंत भरून पाहावा. शक्य असेल तर शेजारी एखादा अंध विद्यार्थी बसवावा आणि त्याला त्या दिवसाचं मानधन द्यावं. टॉवेल काढायचा मोह किती मिनिटांनी झाला, तेही तक्रारवहीत लिहून ठेवावं.